मामंजींचं कोमट पाणी

मामंजी माझ्याशी कधी थेट बोलत नसत. सुनेशी काय बोलायचं, असा त्यांचा संकोच. काही सांगायचं असलं की खिडकीबाहेरच्या नदीकडे तोंड करत. "माई, आज चहात साखर कमी पडली बरं का." जर्मनीतल्या हायडेलबर्गची नेकार नदी ती, पण त्यांना गावाकडची कृष्णामाईच वाटायची. धुकं असलं की म्हणत, "माई अजून पांघरुणात आहे." मी मागं पदर सावरून उभी. साखर घालायची, कप ठेवायचा आणि निघायचं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर ते वॉकर धरून चालू लागले, पण जेवण सुटलं. "माई, भूक नाही." रोज तेच. ओठ सुकले, पोट फुगलं. खिडकीतली कुंडी मात्र सदा ओली. मी ठेवलेलं पाणी मामंजी तिला पाजत होते.

घरी येणाऱ्या नर्सबाईंनी पोट चाचपलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "अण्णा, पोट साफ होतंय का?"

"हळू बोल रे! सूनबाई आहे ना तिथं."

दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतंच, त्यात पाणी नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. डॉक्टरांना विचारून पाण्यातून घ्यायची पावडर आणली. वर सांगितलं, न्याहारीनंतर संडासात निवांत बसा, पाय ठेंगण्या स्टुलावर ठेवा, जोर करू नका. स्टूल नव्हतं म्हणून मी पाट दिला, तर मामंजी दचकले. "माई, ह्यावर गणपती बसतो, अन् मी पाय ठेवू? तेही तिथं?" मग नर्सबाईंनीच प्लॅस्टिकचं स्टूल आणलं.

तरीही पाणी कुंडीलाच. शेवटी मामंजी ह्यांच्यापाशी बोलले, "प्यायलो की जावं लागतं. सूनबाईनं किती वेळा धरून न्यायचं मला?"

ते मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याचा पेला ठेवला आणि तिथंच थांबले. नदीकडे बघून म्हटलं, "माई, मामंजींना सांगा. त्यांना धरून न्यायला मला काही वाटत नाही. ते उपाशी राहतात, ते बघवत नाही."

धुक्यातून ऊन पाण्यावर उतरत होतं. मामंजींचे घोट ऐकू येत होते. मग रिकामा पेला ठेवल्याचा आवाज झाला.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते संडासातून हळूहळू आले. चेहरा उजळलेला. "माई, मोकळं वाटतंय. मऊ खिचडी मिळेल का?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तूप जरा जास्तच पडलं.

पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. आदल्या सकाळी मी पेला दिला, तर त्यांनी खिडकीकडे पाठ केली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "बाळ, तू पण पीत जा."

आता पिते रोज, त्याच खिडकीशी. तळाशी घोटभर उरवते. ते कुंडीचं.