अण्णांचा राज्याभिषेक

आमच्या वाचनालयात पेपर एक आणि वाचणारे आठ-दहा. बाकीच्यांना बोलत बसावंच लागतं! त्यामुळे निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे बचतीपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले बरेचसे तिथंच येणाऱ्या अण्णांचे.

अण्णांनी अक्कलकोट रोडला मंगल कार्यालय बांधलं. स्टेजमागची भिंत कोरी होती. माझ्या हातातल्या पुस्तकात त्यांना रोममधलं एक जुनं भित्तिचित्र दिसलं. पोप राजाला मुकुट घालतोय, उंच टोप्यांचे धर्मगुरू रांगेनं बसलेत, पुढं गडी सोन्याची भांडी उचलतायत.

"मानकरी हायत, आहेर हाय. लग्नच हाय की हे! हेच काढायचं!"

*

मी उगाच माहिती पुरवली. चित्रातला राजा चित्रकाराच्या आधी सातशे वर्षं होऊन गेला. पण त्याला तोंड दिलंय ते चित्रकाराच्या काळात गादीवर असलेल्या राजाचं!

"म्हणजे चालतंय की!" म्हणत अण्णांनी खिशातून स्वतःचा फोटो काढला.

*

पेंटर नरसय्या. फ्लेक्स आल्यापासून रिकामाच. मी त्याला म्हटलं, "मूळ चित्र ओल्या चुन्यावर काढलंय. एकदा वाळलं की पुसता येत नाही."

"मग नको सर," तो म्हणाला. "लग्नाचं घर आहे. ऑइल पेंटच बरा!"

त्याचं खरं ठरलं. बातमी फुटली आणि भावकीत प्रत्येकाला चित्रातल्या टोपीखाली आपलं तोंड हवं झालं. अण्णांच्या मेहुण्यांचा निरोप आला, "मागच्या रांगेत बसवलं तर भाचीच्या लग्नाला येणार नाही." नरसय्यानं त्यांना पुढं आणलं. पुढचा धर्मगुरू खांबामागं गेला.

*

अडलं ते पोपपाशी. राजा त्याच्यापुढं गुडघे टेकून बसलेला.

"मी बसू? कुणापुढं?"

मी नगरसेवक सुचवला. "दुसऱ्या पार्टीची लग्नं जातील!" व्याही सुचवला. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा मागवला.

"मग थोरले बंधू?"

अण्णा चहा तसाच ठेवून उठले. दुकानाची वाटणी झाल्यापासून दादा त्यांच्याशी बोलत नव्हते. कार्यालयातलं पहिलंच लग्न अण्णांच्या मुलीचं, आणि पत्रिका देऊनही दादांचा होकार आला नव्हता. फोन वाजला की अण्णा धावायचे. केटरर असायचा.

पोप बरेच दिवस बिनतोंडाचा राहिला. मग एका दुपारी अण्णांनी नरसय्याच्या हातात एक फोटो ठेवला. "कुणाला बोलू नको," एवढंच म्हणाले.

*

लग्नाला दादा आले. पुतणीवर अक्षता टाकून, पाणीही न पिता परत जायचं ठरवून. रिक्षा बाहेर उभीच ठेवली होती.

हॉलमध्ये शिरले आणि थांबले. समोर भिंतीवर पोपच्या टोपीखाली त्यांचंच तोंड. पुढ्यात गुडघ्यांवर अण्णा. खरे अण्णा हात जोडून बाजूला उभे. सनईवाला सोडून सगळे दादांकडे वळले.

दादांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा पाहिलं.

मग भिंतीकडेच बघत म्हणाले, "ऊठ की आता. गुडघं दुखत्याल."