मापाचं हेल्मेट

मुलीने इलेक्ट्रिक डर्ट बाइक घ्यायचं ठरवलं तेव्हा मी दोन गोष्टींवर अडून बसलो. एक, ती रस्त्यावर काढायची नाही. दुसरी, अंगावर काय चढवायचं ते माझ्यासमोर घ्यायचं. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत इंजिनिअर, स्वतःची कमावती. माझ्या परवानगीवाचून तिचं काहीही अडलं नसतं. तरी म्हणाली, "सरी अण्णा, चला दुकानात." आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. आमच्याकडे बापाला अण्णा म्हणतात, 'बरं'ला सरी म्हणतात आणि मराठीत निम्मी कन्नड असते.

राजाजीनगरच्या त्या दुकानात मी नको तितकी अक्कल पाजळली. गुडघ्यांचे गार्ड, कोपरांचे गार्ड, छाती-पाठीचं कवच, घोट्याच्या वरपर्यंत येणारे जड बूट, सगळं मी ठोकून, वाकवून, वास घेऊन पाहिलं. दुकानदाराला माझा कंटाळा आला होता आणि मुलीला माझी लाज वाटत होती. हेल्मेटपाशी तर आमची जुंपलीच. कॉलरमध्ये दोन बोटं सहज गेली तरच शर्ट घ्यायचा, अशा घरात मी वाढलो. हिने निवडलेल्या हेल्मेटमध्ये तिचे गाल असे दाबले गेले होते की तोंडाचा चंबू झाला होता.

"अगं, सैल घे. डोकं दुखेल."

"घट्टच पाहिजे अण्णा," ती आतून बोबडं बोलली. "हेल्मेट हलवलं की गालाची कातडी पण हलली पाहिजे. नाहीतर घालून काय उपयोग?"

तिची वेणी कमरेखाली जायची. ती डोक्यावर नीट पसरून, चापून बसवायची आणि वरून हेल्मेट ओढायचं, असा बराच वेळ खटाटोप करून तिने अगदी मापाचं हेल्मेट शोधलं. ते मी हातांनी गदागदा हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. माझं समाधान झालं. केस ही कधी डोक्यावरून जाणारी गोष्ट आहे, हे आम्हा दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

घरी बायकोने सगळं पलंगावर मांडलं. उशीवर हेल्मेट, खाली कवच, त्याखाली गार्ड, पायथ्याशी बूट. आतला माणूस तेवढा काढून नेलाय, असं दिसत होतं. ती दारात उभी राहून बघत राहिली.

"अहो, हे एवढं सगळं लागतं, म्हणजे एवढं सगळं मोडू शकतं की."

मी हसण्यावारी नेलं. ती तशीच देवघरात गेली आणि तिम्मप्पाला, म्हणजे तिरुपतीच्या बालाजीला, नवस बोलली. पोरीचं एकही हाड न मोडता वर्ष गेलं, तर स्वतःची मुडी देणार. मुडी देणं म्हणजे तिरुपतीला जाऊन डोकं तासून केस वाहणं. आमच्या घरात बायकाही देतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

बाइक चालवायची जागा यशवंतपूरच्याही पुढे, गावाबाहेर. लाल मातीचा माळ, त्यावर मुद्दाम घातलेले उंचवटे आणि मधोमध एक मोठा ढिगारा. मी दर रविवारी बरोबर जायचो. मला त्या बाइकची एकच गोष्ट सोसायची नाही, तिला आवाज नव्हता. पेट्रोलची गाडी कुठे आहे, अडकली की बंद पडली, हे लांबून कानाला कळतं. ही नुसती भुर्र करून जवळून जायची, आणि ढिगाऱ्यामागे गेली की काहीच नाही. पलीकडून ती बाहेर येईपर्यंत माझा जीव टांगणीला. तिच्यापुढे हे मी बोलत नसे. तिने मला घरी बसवलं असतं.

वर्ष नीट गेलं. आम्ही तिघं तिरुपतीला गेलो. बायको केस द्यायला बसणार, तोच मुलगी तिच्याआधी जाऊन बसली.

"हाडं माझी वाचली आणि केस तू का द्यायचे?"

बायकोने तिला उठवायला पाहिलं, पण ती ऐकेना. वस्तरा फिरला. ती दाट वेणी जमिनीवर पडली तेव्हा बायको हुंदके देऊन रडली, आणि मला मुलीचा अभिमान वाटला. परतल्यावर गल्लीतल्या बायका येऊन तिच्या गंध लावलेल्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

पुढच्या रविवारी माळावर ती तयार होत होती. मी नेहमीसारखा एकेक पट्टा ओढून पाहिला. हनुवटीखालचा पट्टाही ओढला. गच्च होता.

"आज किती हलकं वाटतंय अण्णा," ती म्हणाली. "गाल पण दुखत नाहीत."

मलाही बरं वाटलं. उन्हाचे दिवस होते, केस नाहीत, तेवढंच सुख.

पहिल्या उंचवट्यावरून तिने उडी घेतली. चाकं जमिनीला टेकली आणि हेल्मेट पुढे सरकून तिच्या डोळ्यांवर आलं. तिने एका हाताने ते वर ढकललं. पुढच्या उडीला पुन्हा आलं, पुन्हा तिने ढकललं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जे हेल्मेट मापाचं होतं, ते वेणीसकटच्या डोक्याच्या मापाचं. मी दोन्ही हात हलवत ओरडत सुटलो. तिला वाटलं, अण्णा आज भलतेच खुशीत आहेत. तिनेही हात हलवला आणि ढिगाऱ्यामागे गेली.

मी पलीकडच्या बाजूला डोळे लावून उभा राहिलो. कसलाही आवाज नाही. मग ढिगाऱ्याच्या कडेने हेल्मेट एकटंच गडगडत खाली आलं.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. ती मातीत बसलेली होती. जिवंत होती, माझ्याकडे बघत होती. कानाच्या वर सोललं होतं आणि त्या उघड्या डोक्यावरून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता. हातभर अंतरावर एक दगड वर आलेला होता. मी तिला धरून रडलो. ती मात्र मी काखेत मारून आणलेल्या हेल्मेटकडे पाहत होती. त्याचा पट्टा तसाच लावलेला होता. तिने तो बोटाने चाचपला, मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अण्णा, हेल्मेट का निघालं ते आईला सांगू नका," ती म्हणाली. "ती सोसणार नाही."

मी तिथूनच घरी फोन लावला. मुलीला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. पडली, पण स्वल्प खरचटलंय, दवाखान्यात दाखवून येतो, असं सांगितलं.

"हेल्मेट होतं ना हो?"

"होतं," मी म्हणालो.

पलीकडे ती रडू लागली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण मग ती देवाला पुन्हा कशी हात जोडणार होती, आणि आरशात स्वतःचं तोंड कशी बघणार होती? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला देवाची भीती वाटली.

"तिम्मप्पानंच राखली पोरीला," ती म्हणाली. "मुडी दिली म्हणून वाचली बघा. मी आत्ताच बोलले त्याला, आता दर वर्षी पोरीची मुडी देणार. ऐकतेयस ना गं?"

मुलीने माझ्या रुमालाने मानेवरचं रक्त पुसलं.

"सरी, आई," ती म्हणाली.