कापूस न झटकता

“आधी बसू तर द्या, भाऊ. फोटू कुठं पळून जाऊन राहिला?”

कुठंही गेले की चाचा जोडे काढून हेच म्हणायचे, आणि ओटा असो की धूळ, मांडी घालून बसायचे. घाई असलेल्या माणसाला त्यांचा राग यायचा. मला तर फारच यायचा.

हिंगोलीच्या बाजारात त्यांचं फोटोचं दुकान होतं. मागं रंगवलेला पडदा, त्यावर महाल आणि दोन हंस. नवी जोडपी त्या हंसांपुढं अवघडून उभी राहायची. मी तेव्हा वीस-एकवीसचा, पत्रकं लिहिणारा आणि सगळ्या जगावर चिडलेला. मला महाल नको होता, जिन पाहिजे होता.

स्टेशनाकडच्या त्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बायका दिवसभर यंत्रांत कापूस घालायच्या. वाऱ्यानं रुई उडू नये म्हणून मालक खिडक्या बंद ठेवायचा. सरळ सांगतो, रुई वाचायची आणि बायकांच्या छातीत जायची. खिडक्या उघडाव्यात म्हणून मी अर्ज केला. कचेरीतून विचारलं, खोकल्याचा पुरावा काय? फोटोशिवाय इलाज नव्हता, आणि फाटकाच्या आत तर कुणालाच सोडत नव्हते.

चाचा हो म्हणाले आणि फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसू लागले. तेही कॅमेरा न घेता. दुपारी बायका भाकरी खायला बाहेर यायच्या, त्यांच्याशी लेकराबाळांचं बोलायचे. महिना गेला. आपण काय जेवायला जातो का, असं मी चिडून विचारलं. म्हणाले, ठेचा झकास असतो.

मग एके दिवशी तिकाटण्यावर कॅमेरा आला, पण आत फोटोची काच न घालता. काळ्या कापडाखाली डोकं घालून बायकांनी एकेकीनं बघायचं, आणि तेवढा वेळ चाचांनी दहा पावलं लांब, पाठ करून उभं राहायचं. कापडाखाली जग उलटं दिसतं, तुम्हाला ठाऊक असेल. लिंब आभाळातून खाली लोंबायचा, आणि फाटकाशी उभा मुकादम वर पाय करून पान चघळायचा. गिरजाबाई त्यांच्यात सगळ्यात जुनी. ती हसता हसता खोकायला लागली ती खालीच बसली. शेवटी मुकादमालाही राहवेना. त्यानं बघितलं आणि म्हणाला, एक डाव आत आणा, यंत्र उलटं बघू.

त्याच आठवड्यात मी माती खाल्ली. नव्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं: ‘या कोंडवाड्याची छायाचित्रे लवकरच.’ पत्रक मालकापर्यंत पोचलं. आत जाणं राहिलं बाजूला, बायकांना लिंबाखाली बसायचीही बंदी झाली.

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “तुमी लिहिता चांगलं. पन लोकांच्या आधी पोचता.”

पुढं एका दुपारी यंत्राचा पट्टा तुटला आणि जिन लवकर सुटला. मी दुकानातच होतो. दारात गिरजाबाई आणि दोघी जणी उभ्या. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस. तीन म्हाताऱ्या ढगातून उतरून आल्यासारख्या, आणि म्हातारी तर एकही नव्हती. चाचांनी सवयीनं पिसांचा झाडू पुढं केला.

“ऱ्हाऊ द्या, मामू,” गिरजाबाई म्हणाली. “रोज झटकूनच घरला जातो आमी. आज असंच काढा.”

छापलं तर कामावरून काढतील, हे मी तिला सांगितलं. मला ते आता सुचलं होतं.

“कामावरून काढतील. हा खोकला काढतंय का कोनी?”

तिघी हंसांपुढं उभ्या राहिल्या. चाचा म्हणाले, दम धरा, आणि झाकण काढून सावकाश आकडे मोजू लागले. दुकानात कसली हालचाल नव्हती. फक्त अंगावरचा कापूस सुटून तरंगत खाली येत होता. चौथ्या आकड्याला गिरजाबाईला खोकला आला.

काच धुऊन कागदावर उतरवली तर दोघींचे चेहरे स्वच्छ, आणि मधे गिरजाबाईच्या जागी नुसतं पांढरं धुकं. काच वाया गेली, पुन्हा बोलवू, मी म्हणालो. चाचांनी ती उजेडात धरली, बराच वेळ.

“कशाला? खोकलाच पायजे होता ना तुमाला? हा बघा, आला.”

फोटो छापायचा ब्लॉक अकोल्याहून करून आणला. पत्रक गावोगाव गेलं. गिरजाबाईला आठ दिवस घरी बसवलं, तर बाकीच्या बायकाही फाटकाबाहेर बसून राहिल्या. नवव्या दिवशी तिला आत घेतलं. खिडक्या मात्र बंदच राहिल्या. त्या उघडेपर्यंत अठ्ठेचाळीस सालाची दिवाळी उलटून गेली होती.

सांगायला मी धावत दुकानाकडं गेलो. दाराला कुलूप होतं. त्या पावसाळ्यात निजामाचं राज्य गेलं, आणि नंतरच्या गडबडीत एका पहाटे चाचा घरच्यांना घेऊन गेले, कुणी म्हणालं हैदराबादला, कुणी आणखी लांब. शेजाऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. मी ओट्यावर बसलो, पहिल्यांदाच, काही काम नसताना. स्टेशनाकडून वारा येत होता. उन्हात रुईचे बारीक तंतू रस्त्यावरून तरंगत आले, कुलपाला चिकटले. मी ते झटकले नाहीत.