गुरुवारची टोपली

त्या गुरुवारी पूजा आटोपून मी देवघरातून उठत होतो, तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज नेहमीप्रमाणे राजापेठेतल्या आमच्या घराशी येऊन थांबला; परंतु त्यामागून येणारी "आली वो टोपली, वयनी!" ही हाक मात्र आली नाही. बाहेर येऊन पाहतो तो, नांदगाव पेठेहून भाजी आणणारा गडी सखाराम खाचराचे, म्हणजे लहान बैलगाडीचे, जू धरून खाली मान घालून उभा. टोपली खाचरातच होती. "मालक गेले, महाराज," तो म्हणाला. "सोमवारी. मोट चालू होती, पानी पडते त्या थारोळ्यापाशी बसले अन् बसल्या जागी कलंडले. पानी मांगाले बी येळ नाई भेटला."

गुलाबराव गेले... अकोल्याच्या शाळेत एका बाकावर बसलेला माझा मित्र गेला, आणि त्यांच्याच शेतातली दोडकी, अंबाडी आणि चवळीच्या शेंगा माझ्या दारात उभ्या होत्या. सखाराम डोळे पुसत सांगत होता, "काई झालं तरी गुरुवार चुकवू नोका, असं त्यायनंच सांगून ठेवलं व्हतं." माजघराच्या दारातून माझी पत्नी यमुनाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, सुतक आहे ना त्यांच्या घरी?" प्रश्न योग्य होता. सुतक असलेल्या घरचे अन्न आमच्या घरी चालत नाही. परंतु ज्या शास्त्राच्या आधारावर मी आयुष्य काढले, त्यातच भाजीपाला, फळे, फुले यांना हा दोष मानलेला नाही. मात्र मालकाच्या अनुमतीने ती आपल्या हाताने उचलून घ्यावीत, असे सांगितले आहे. मालकाची अनुमती तर मला कित्येक वर्षांपूर्वीच मिळाली होती. मी पायऱ्या उतरलो आणि टोपली उचलली. इतक्या वर्षांत ती मी कधी उचललेली नव्हती. गुलाबराव स्वतः येत तेव्हा खांद्यावरून उतरवून ओटीवर ठेवीत, आणि ते नसत तेव्हा सखाराम ठेवी. भाजीच्या मानाने ती फार जड वाटली.

या टोपलीचा आरंभ झाला तेव्हा वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. गुलाबराव वडिलांच्या मागे नांदगाव पेठेचा मळा पाहत असत. त्या सुमारास पोत्यांतून येणारे पांढरे खत सर्वांच्या शेतात पडू लागले. त्यांनीही एक हंगाम ते घालून पाहिले, पीक उदंड आले, आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांनी ते पोते बांधाच्या आत येऊ दिले नाही. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "जमिनीले दारू पाजल्यासारखं हाय ते, शास्त्री. एक साल नाचते, मंग पडते." खरे सांगायचे तर शेतीतले त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरत असे नाही, एका वर्षी हट्टाने लावलेली कोबी तर गड्डा न धरता नुसतीच पानांनी वाढली, आणि तीही त्यांनी "नवी जात हाय" म्हणून आम्हांला खाऊ घातली. शेणखतावरची त्यांची बारीक, डागाळलेली भाजी बाजारातले अडते बाजूला सारीत. तेव्हा त्यांनी शहरातल्या काही ओळखीच्या घरांना गाठून एक रीत घातली. अक्षय तृतीयेला प्रत्येक घराने वर्षाचे जे ठरेल ते आधीच द्यायचे आणि मळ्यात वाटेकरी व्हायचे. मग दर गुरुवारी शेत जे देईल, त्याची एक टोपली त्या घरी पोहोचायची. तक्रार करायची नाही, निवड करायची नाही, आणि टोपली रिकामी परत पाठवायची नाही. तिच्यात साली, देठे, चुलीतली राख भरून द्यायची. ते सारे त्यांच्या खताच्या खड्ड्यात जायचे.

"अन् तुह्या घरून निर्माल्यही पायजे मले," असे ते म्हणाले, तेव्हा मला ते पटेना. देवावरून उतरलेली फुले वाहत्या पाण्यातच सोडावीत, अशी आमच्या घरची रीत. ती सालींबरोबर कुजायला कशी द्यायची? गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिले, आणि नेहमीची थट्टा बाजूला ठेवून म्हणाले, "उन्हाळ्यात नाल्याले पानी कोठी असते रे? कोरड्या वाळूत पडते तुह्या देवाचं फूल, अन् ढोरं त्यावरून जातात. मी निंबाखाली येगळा खड्डा करतो. कोनाचा पाय पडनार नाई तिथं, माहा शब्द हाय." पुढच्या गुरुवारपासून यमुनाबाई पळसाच्या पानांच्या द्रोणात निर्माल्य वेगळे बांधून टोपलीत ठेवू लागल्या. कधी मळ्यावर गेलो तर त्या कडुनिंबाखाली रचलेले दगडांचे कुंपण दिसे. त्याच्या आत गुलाबराव स्वतःही वहाण काढून जात.

पहिल्याच चातुर्मासात टोपली वांग्यांनी शिगोशीग भरून आली. चातुर्मासात आमच्या घरी वांगे वर्ज्य! यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. गुलाबराव ओटीवर बसून पाणी पीत होते. "काहून रे शास्त्री, वांग्यानं काय पाप केलं?" मी म्हणालो, "पाप वांग्याचे नाही, नियम माझा आहे." "वा रे वा! नियम तुहा, अन् भोगून राह्यलं माह्यं वांगं!" यमुनाबाई पदर तोंडाशी धरून आत पळाल्या. त्यानंतर चातुर्मासात वांगी शेजारच्या घरी जाऊ लागली. परंतु दर गुरुवारी, भाजीच्या तळाशी, काटेरी देठाचे एक वांगे मुद्दाम लपवलेले असे. ते सापडले की यमुनाबाई म्हणत, "भाऊजींची खोडी आली." एखाद्या आठवड्यात ते लवकर हाताला लागले नाही, तर त्या साऱ्या भाजीत शोधीत.

एका हिवाळ्यात गारा पडल्या. त्या गुरुवारी गुलाबराव स्वतः आले, आणि प्रथमच ओटीवर न बसता उभे राहिले. टोपलीत फाटलेली मेथी आणि मूठभर फुटकी, कच्ची भेदरं, म्हणजे टोमॅटो. "वाटा हाय, शास्त्री," ते म्हणाले, "नुकसानीचाही वाटा असते. नाई पटलं तं सांग. दुसऱ्या वाटेकऱ्यानं, वकीलसाहेबानं, आत्ताच सांगतलं, आमी भाजीत होतो, गारांत नव्हतो." हे बोलताना ते हसले, पण डोळे माझ्या तोंडावरून हलले नाहीत. त्यांना भाजीच्या बाजाराची कधी भीती वाटली नव्हती. शेजाऱ्यासारखी जोडलेली ही घरे एकेक करून सुटतील, ही मात्र वाटत होती. मी काही बोलण्यापूर्वीच यमुनाबाईंनी टोपली आत नेली, आणि थोड्या वेळाने साली, राख, निर्माल्याचा द्रोण भरून ती त्यांच्यापुढे ठेवली. "भाऊजी, मेथी निवडते आहे. जेवूनच जा." त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि हात धुताना कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले...

शेवटचे आले ते यंदा श्रावणात. पायरी चढताना थांबले. मी म्हटले, "आता सखारामाला पाठवीत जा, गुलाबराव." तर म्हणाले, "तुह्या देवाचं फूल सखारामच्या भरवशावर सोडू काय?" निर्माल्याचा द्रोण हातात घेऊन ते खाचराकडे गेले. ती पाठ... तेच शेवटचे दर्शन.

सुतकातल्या त्या टोपलीतली भाजी यमुनाबाईंनी एकेक करून ताटात काढली. चातुर्मास अजून सरला नव्हता, आणि अंबाडीच्या जुडीखाली एक वांगे होते. कोणी ठेवले, हे विचारायला सखाराम थांबला नव्हता. मलाही विचारायचे धैर्य झाले नसते. यमुनाबाई तिथेच भिंतीला टेकून बसल्या. ते वांगे शेजारी गेले नाही.

तेरावा झाल्यावर त्यांचा मुलगा वसंता भेटायला आला. सालस मुलगा आहे. पाया पडून म्हणाला, "काका, हे घरोघरचे वाटे माह्याच्यानं होनार नाईत. मी मळ्यात संत्रा लावून राह्यलो. खत सोसायटीतून येईन. बाबाचं बाबासंगं गेलं." त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही, शेत त्याचे आहे, आणि पुढचे आयुष्यही त्याचेच. मी एवढेच विचारले, "निंबाखालची जागा?" "तिथंच दहन केलं, काका. त्यायनंच सांगतलं व्हतं." तो निघताना मी साली-राखेने भरलेली टोपली दाखवली, तर म्हणाला, "राहू द्या. आता कायले लागते?"

ती टोपली मागल्या दारी आहे. तिची रीत आम्ही मोडलेली नाही. यमुनाबाई तिच्यात साली आणि राख टाकतात, मी निर्माल्याचा द्रोण ठेवतो. ते वांगेही तिच्यातच सुकून काळे पडले आहे. या महिन्याच्या अखेरीस एस. टी.ने नांदगाव पेठेला जाऊन ती निंबाखाली रिती करावी, असे मनात आहे. पण दर गुरुवारी सकाळी यमुनाबाई ती उचलून ओटीवर आणून ठेवतात. दिवेलागणीला मी ती पुन्हा मागे नेतो. आठवड्यागणिक ती जड होत चालली आहे.