तेल गळणारी गाडी

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा आमच्या जगलबेटच्या घरापुढे मोटार येऊन उभी राहिली. आमचे हे एका लाकडाच्या कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होते. त्याने धंदा आवरला आणि आपली युद्धाच्या आधीची काळी गाडी ह्यांनाच स्वस्तात दिली. त्या वेळी सुप्याच्या बाजूला दिवसातून एक बस जायची, पावसाळ्यात तीही बेभरवशाची. त्यामुळे भाडी बरी मिळायची. कॅसलरॉकच्या स्टेशनावर उतरलेले साहेब, लग्नातली नवरा-नवरी, लोंढ्याच्या बाजाराला जाणारे व्यापारी आणि आजारी माणसं. आजाऱ्यांचं भाडं हे कधी आधी ठरवत नसत.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी गाडीला तेल गळायला लागलं. सुरुवातीला अंगणात रुपयाएवढा डाग दिसायचा. मग तो ताटाएवढा झाला. मी रोज सकाळी शेण घालून सारवायची, पण दुपारपर्यंत काळं वर यायचंच. कोंबड्या त्यातून चालून ओटीवर यायच्या आणि सगळीकडे त्यांच्या पायांचे काळे ठसे उमटायचे. शेवटी ह्यांनी वनस्पती तुपाचा रिकामा डबा इंजिनाखाली ठेवायला सुरुवात केली. त्यात साठलेलं तेल माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं आणि परत इंजिनात ओतायचं. एका भाड्याला किती बाटल्या तेल लागेल याचा हिशोब करूनच ते घराबाहेर पडत.

मी एकदा त्यांच्याबरोबर बेळगावला गेले होते, तेव्हा त्यांनी गाडी ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. मिस्त्री गाडीखाली बराच वेळ पडून होते. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "पुढचं न् मागचं, तेल अडवणारी दोन्ही सील गेल्यात. बेअरिंगाचा आवाज पण येतोय. इंजिन खाली उतरवायला पायजे."

"किती होतील?"

"साडेचारशे धर. पण आत्ता कर. बेअरिंगानं धरलं की दुरुस्ती न्हाई, इंजिनच गेलं म्हणून समज."

ह्यांच्याकडे तेव्हा जवळजवळ तेवढे पैसे होते. पण ते विहिरीसाठी बाजूला काढलेले होते. लग्न झाल्यापासून मी ओढ्याचं पाणी भरत होते. उन्हाळ्यात ओढा आटला की अर्धा कोस चालावं लागायचं. धाकटी पोटात असताना मी घागर घेऊन एकदा पडलेही होते. परत येताना वाटेत हे म्हणाले, "औंदा इंजिन करून घिऊ. हीर पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं म्हणत सहा वर्षं झाली," मी म्हणाले. "गाडी अजून एक वर्ष तेल पिऊन चालंल. मला न्हाई चालवत आता."

त्यांनी खणाऱ्यांना सांगावा धाडला. त्या उन्हाळ्यात विहीर खणली. अठरा हातांवर पाणी लागलं. मी खणाऱ्यांना गूळ-खोबरं वाटलं आणि त्या दिवशी मी फार खुशीत होते, हे मला स्पष्ट आठवतं.

मार्गशीर्षात भाताची मळणी चालली होती. एके दिवशी उजाडता उजाडता कुंभारवाड्याच्या पलीकडून एक माणूस आला. अणशीच्या वाटेवरच्या एका वाडीतला शेतकरी, आमच्या ओळखीचाही नव्हता. आदल्या दिवशी तो सुप्यापर्यंत चालत आला होता आणि तिथून लाकडाच्या लॉरीवर बसून आमच्याकडे. त्याची बायको दीड दिवस अडली होती. ह्यांनी तोंडही न धुता गाडी काढली. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, तुमी पण याल काय? म्हातारी हाय संगती, पण ती एकलीच." मी पोरांना जावेकडे सोपवून मागच्या सीटवर बसले.

जाताना गाडी ठीक चालली. जोयड्याला थांबून ह्यांनी सळी काढून तेल बघितलं आणि एक बाटली ओतली. वाडीवर पोचलो तेव्हा बाईला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणून ठेवलंच होतं. विशी-बाविशीची असेल. तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. तिची सासू पुढे आपल्या मुलाशेजारी बसायला तयार होईना, ती मागेच आमच्या पायाशी दाटीवाटीने बसली. सुप्याला दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. मूल आडवं होतं. "इथे होणार नाही," ते म्हणाले, "जितक्या लवकर बेळगावला न्याल तितकं बरं."

सुप्यातच ह्यांनी शेवटची बाटली ओतली. बाजारात दोन दुकानांत विचारलं. खोबरेल होतं, रॉकेल होतं, मोटारीचं तेल नव्हतं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चला. घरात डब्यात साठलेलं असंल." जगलबेट वीस-बावीस मैलांवर होतं.

पहिले दहा-बारा मैल काही झालं नाही. मग चढ सुरू झाला आणि इंजिनातून खट्-खट् असा आवाज यायला लागला. तेलाच्या घड्याळाचा काटा मला मागूनही दिसत होता. तो खाली पडून राहिला होता. मी ह्यांच्याशेजारी अनेकदा बसले होते, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळत होता. ह्यांनी गाडी हळू केली. थांबलो असतो तर इंजिन कदाचित वाचलं असतं. पण म्हातारी ओरडली, "थांबू नगंस बाबा! थांबू नगंस!" ह्यांनी परत वेग धरला. आवाज वाढत गेला. शेवटी खालून एक मोठा दणका बसला, गाडी दचकली आणि जागच्या जागी उभी राहिली. ह्यांनी खाली उतरून हँडल मारायचा प्रयत्न केला. हँडल तसूभर हललं नाही.

जंगलात कुणी नव्हतं. बाई आता ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती. तिचा नवरा लॉरी बघायला पुढे पळत गेला. म्हातारीने कमरेच्या पिशवीतून एक छोटी बाटली काढली. सुनेच्या पोटाला चोळायला आणलेलं खोबरेल होतं. ती बाटली तिने ह्यांच्यापुढे धरली. "बाबा, त्याल संपलंय म्हणतोस न्हवं? ह्ये घाल."

त्याने काही होणार नव्हतं, हे ह्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी ती बाटली घेतली, बॉनेट उघडलं आणि सगळं खोबरेल इंजिनात ओतलं. पुन्हा हँडलला जोर लावला. मग तिथेच चाकाला टेकून उभे राहिले. मी त्यांना त्याआधी कधी तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

दोन-अडीच तासांनी तिचा नवरा सागाचे ओंडके भरलेली लॉरी घेऊन परत आला. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने क्लीनरला ओंडक्यांवर चढवलं आणि बाईला आत घेतलं. केबिनमध्ये ती आणि म्हातारी, वर ओंडक्यांवर तिचा नवरा. माझा हात तिच्या हातातून सोडवावा लागला. लॉरी गेली आणि आम्ही दोघं गाडीपाशी राहिलो.

खानापूरच्या अलीकडे ती बाई गेली. मूल पोटातच होतं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच लॉरीच्या ड्रायव्हरकडून कळलं. वेळेवर पोचली असती तर वाचली असती का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलंही नाही.

गाडी बैलांनी ओढून घरी आणली. मिस्त्रींना निरोप धाडला, तर त्यांनी सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. महिनाभर ती अंगणात उभी राहिली. आता तिच्यातून काहीच गळत नव्हतं. मग भंगारवाल्याने ती तुकडे करून नेली. हे लाकडाच्या डेपोत ओंडके मोजायच्या कामाला लागले. स्टिअरिंगला त्यांनी परत हात लावला नाही. लॉरीवाले बोलवायचे, जास्त पगार देऊ म्हणायचे, पण हे नुसतं 'न्हाई' म्हणायचे.

विहिरीबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. मी रोज वाट बघायची. चिडून, ओरडून, कसंही, पण म्हणतील की तुझ्यामुळे झालं. ते म्हणाले असते तर मला रडता आलं असतं. ते आंघोळीला पाणी मागायचे, आंघोळ करायचे, डेपोवर जायचे.

दीड वर्षाने तोच माणूस परत आला. मी त्याला दारात बघताच ओळखलं. त्याची आई तापाने फणफणली होती, खाटेवर घालून चौघांनी तिला सुप्यापर्यंत आणि तिथून लॉरीवर जगलबेटपर्यंत आणलं होतं. "दादा हायत काय? गाडी काढतील काय?" त्याला गाडी गेल्याचं माहीतच नव्हतं. इतकं सगळं होऊनही तो आमच्याच दारात आला होता.

मी ह्यांना डेपोतून बोलावून आणलं. हे धावत रस्त्यावर गेले, पहिली लॉरी हात आडवे करून थांबवली आणि म्हातारीबरोबर बेळगावच्या दवाखान्यात जायला स्वतःही बसले. चौथ्या दिवशी परत आले. म्हातारी बरी झाली होती. जेवताना त्यांनी सांगितलं, "वाटंत तिनं इचारलं, गाडी कुठं हाय. म्हटलं, इकली. 'बरं क्येलंस' म्हणाली आणि डोळं मिटलं."

मला राहवलं नाही. "चूक माझी होती," मी म्हणाले. "इंजिन करायचं तुम्ही म्हणाला होता."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "सुप्याला त्याल न्हाई मिळालं, तवाच लॉरी बघाय पायजे हुती. गाडी मी चालवत हुतो, तू न्हाई."

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, की खरंच तसं मानत होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यापुरतं मला त्याने बरं वाटलं नाही.