लेखी द्या

भिलाईतल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या फाटकाजवळ एक बाई बोरं विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोरं देताना ती प्रत्येक पोराच्या तोंडाकडे नीट बघायची, एवढं मात्र लक्षात आहे.

एका दुपारी टोपली बाहेर ठेवून ती थेट स्टाफरूमच्या दारात आली. "बाई, दुसरीतली ते लाल रिबिनवाली पोरगी व्हॅनमधी बसाले रडते. डायव्हर रोज तिलेच पुढं बसवते. कावून रडते, जरा इचारा ना तिले."

शाळेच्या बालसंरक्षण समितीची प्रमुख मीच होते. वह्या तपासता तपासता, मान वर न करता मी म्हणाले, "लेखी द्या."

"लिहाले येत असतं तर तुमच्यापाशी कायले आली असती?" असं म्हणून ती गेली.

शाळा सुटल्यावर तिने टोपली तिथेच सोडली, पोरीचा हात धरला आणि तिला चालत घरी आईपाशी नेलं. आईच्या कुशीत पोरगी बोलली. डायव्हरला अटक झाली. पालकसभेत मुख्याध्यापकांनी कौतुक केलं ते आमच्या समितीचं. टाळ्या वाजत होत्या आणि मी त्या घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाजवळ जाऊन तिची माफी मागितली. बोरांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "मले नोका सांगू, बाई. त्या पोरीले सांगा."

ती पोरगी आता चौथीत आहे. रोज मला नमस्ते करते. मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.