एक टक्क्यापायी साक्षीदार

कर्वेनगरमधला तो फ्लॅट मी घासाघीस करून किती खाली आणला, हे त्या आठवड्यात मी ऑफिसात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि राँग नंबर लागलेल्या एका सद्गृहस्थांनाही सांगितलं. त्यांनी अभिनंदन करून फोन ठेवला.

फ्लॅट विकणारे काका निवृत्त होते आणि शब्द जपून वापरणारे. मी आकडा टाकायचो, ते समोर मटार सोलत बसलेल्या काकूंकडे बघायचे आणि “नाही” म्हणायचे. शेवटी एका आकड्याला काकूंचा हात थांबला.

“ठीक आहे,” काका म्हणाले. “पण वरचा सगळा खर्च तुमचा.”

“अर्थातच!” मी म्हणालो. वरचा खर्च म्हणजे टेम्पो, पेढे आणि फार तर एखादा पंखा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. टोकनचा चेक काकूंच्या नावानं लिहा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा यात काहीतरी कराबिराची युक्ती असणार असं वाटून मी समजल्यासारखा हसलो. दोन महिन्यांत खरेदीखत झालं नाही तर टोकन बुडालं, असंही बाणेदारपणे लिहून दिलं.

मग बायकोला घेऊन वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कोऱ्या कागदावर लिहायला सुरुवात केली. स्टॅम्प ड्यूटी. रजिस्ट्रेशन. सोसायटीची ट्रान्सफर फी. बँकेची प्रोसेसिंग फी. स्वतःची फी त्यांनी मधेच कुठेतरी बेमालूम मिसळली. बेरीज बघून मला वाटलं, या चुकून फ्लॅटचीच किंमत लिहितायत.

“यातलं कमी काय होईल?” मी विचारलं.

“सोसायटीशी बोलून बघा. स्टॅम्प ड्यूटीची घासाघीस करायची असेल तर मुंबईला जावं लागेल. मंत्रालयात.”

“बँक देईल की!”

“बँक घरासाठी देते. हे तुमच्या खिशातून.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. खिशाची हालत तिला माहीत होती. माझी एफडी, तिची एफडी, तिच्या शाळेच्या पतपेढीतलं सगळं धरूनही कमीच पडत होतं. मी सहज तिच्या मनगटाकडे पाहिलं.

“बांगड्यांकडे बघू नका,” ती म्हणाली आणि वकीलबाईंकडे वळली. “बाईच्या नावावर घेतलं तर सवलत असते ना?”

“एक टक्का. भागेल तुमचं त्यात. पण फक्त बाईचं नाव हवं. यांचं नको.”

“दुसरं नाव म्हणून तरी?” मी म्हणालो.

“दुसरं नाही, तिसरं नाही. कंसातसुद्धा नाही.”

म्हणजे कर्ज फेडायला मी हवा, घर मात्र तिचं! रिक्षात मी मीटरचे आकडे मोजत बसलो. “अहो, तुम्हाला काही मी बाहेर नाही ठेवणार,” ती म्हणाली, आणि ते मला नको तितकं लागलं. आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला सातबारा नको असतो, पण कुठल्यातरी कागदावर ‘मालक’ या शब्दापुढे आपलं नाव हवं असतं. आणि ऑफिसात मी ‘मी घर घेतोय’ असं सांगून बसलो होतो. ‘आमच्याकडे घर घेतलं जातंय’ असं नव्हे.

म्हणून शेवटचा डाव टाकायला मी एकटाच काकांकडे गेलो. ट्रान्सफर फी त्यांनी भरली आणि किमतीत अजून थोडं सोडलं, तर दोन्ही नावं बसत होती. काकांनी पोहे पुढे केले.

“खर्च तुमचा म्हणालो होतो ना?”

“हो, पण...”

“‘अर्थातच’ म्हणालात. नुसतं ‘हो’ म्हणाला असता तर मीच समजावून सांगितलं असतं. ‘अर्थातच’ म्हणणाऱ्याला काय सांगणार?”

मी पोहे खाल्ले आणि खरं काय ते सांगून टाकलं, की पैशांपेक्षा नावाचा प्रश्न आहे. काका प्रथमच हसले.

“अहो, ही जागा तरी कुठं माझी आहे? हिची आहे. तुम्ही माझ्याशी घासाघीस करत होतात, मी तिच्याकडे बघून निरोप देत होतो. चेक कोणाच्या नावानं लिहिलात?”

आतून काकूंचा आवाज आला, “त्यांना अजून पोहे हवेत का विचारा.” काकांनी विचारलं. मी घेतले.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, “तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ. मी खूप विचार केला.”

“काकूंचा फोन आला होता,” ती म्हणाली.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी निबंधक कार्यालयात काकू आणि बायको कॅमेऱ्यासमोर खुर्च्यांवर बसल्या, अंगठे दिले, फोटो काढून घेतले. “पार्टी पुढे, बाकीचे मागे,” असा पुकारा झाल्यावर काका आणि मी बाकीच्यांत उभे राहिलो. दोघींची ओळख पटवायला साक्षीदार लागतात, ते आम्ही. कारकुनानं माझं आधार कार्ड बघितलं आणि बायकोकडे बोट दाखवलं.

“यांना ओळखता?”

“ओळखतो असं वाटत होतं,” मी म्हणालो.

“हो की नाही?”

“हो.” सही केली. घराच्या कागदावर माझं नाव आलं एकदाचं, पार तळाशी. काका कानाशी म्हणाले, “घर छान आहे. मला कधी काही त्रास झाला नाही.”

राहायला गेल्यावर महिन्याभरात सोसायटीची सभा लागली. मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. पाण्याच्या टाकीबद्दल माझी काही ठाम मतं होती.

“कुठे?” बायकोनं चपला घालत विचारलं. “सभा सभासदांची आहे.”

“मला सहसभासद करून घेता येतं. मी चौकशी केलीय. मूळ सभासदाची संमती लागते फक्त.”

“मग अर्ज करा ना.”

“कोणाकडे?”

“माझ्याकडे,” ती म्हणाली. “आणि त्याचं शुल्क असतं. ते तुमच्या खिशातून.”

मी शर्ट बदलला आणि कुकर लावला. पाण्याच्या टाकीबद्दल तिनं त्या संध्याकाळी माझीच मतं मांडली, आणि ती मंजूर झाली म्हणे. मी मांडली असती तर झाली नसती, हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही. मी केलेला अर्ज अजून तिच्याकडेच आहे.